ओल कुठून आली?

या महिन्यात घराचा विमा, वॉरंटी आणि बिल्डरची जबाबदारी या विषयांवर बरीच पत्रे आली, त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक पत्रात पाणी आहे. वाचकांनी नुकसानीचे वर्णन बारकाईने केले आहे; कोणत्या भिंतीचे पोपडे सुटले, किती प्लाय फुगला, रंगकामाला किती खर्च आला, हे सारे त्यांत आहे. मात्र ते पाणी नेमके कुठून आले आणि एका रात्रीत आले की वर्षभर झिरपत राहिले, हे बहुतेकांनी लिहिलेले नाही. नुकसान कोणी भरून द्यायचे हे त्यावरच ठरते, म्हणून प्रत्येक उत्तराची सुरुवात मी तिथूनच करीत आहे.

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई अमेरिकेत न्यू जर्सी येथे सुमारे ३० वर्षांपूर्वी बांधलेले घर घेत आहेत. कर्ज देणाऱ्या बँकेने घराचा विमा सक्तीचा केला आहे आणि घर दाखवणाऱ्या एजंटाने त्याखेरीज ‘होम वॉरंटी’ही घ्यावी असे सुचवले आहे. एकाच घरासाठी दोनदा पैसे का भरायचे, असे मुलीने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. आपल्याकडे असे काही असते का?
(एक दांपत्य, कोथरूड)

उत्तर : आपल्या मुलीचा प्रश्न रास्त आहे. घर एकच असले तरी हे दोन करार दोन वेगळ्या संकटांसाठी आहेत. विमा हा ध्यानीमनी नसताना घडलेल्या घटनेसाठी असतो. आग, वादळी वारा, गारपीट, चोरी किंवा पाण्याचा पाइप अचानक फुटणे ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. त्याशिवाय तेथील घराच्या विम्यात सहसा आणखी एक गोष्ट असते, जिचा आपल्याकडे फारसा विचार होत नाही. घरी आलेला पाहुणा बर्फाळ पायरीवरून घसरून पडला आणि त्याने भरपाई मागितली, तर ती जबाबदारीही मर्यादेपर्यंत विमा कंपनी उचलते.

होम वॉरंटी हा वार्षिक सेवा करार आहे. घर गरम ठेवणारी भट्टी, पाणी तापवणारी टाकी, वातानुकूलन, विजेच्या तारा, नळ, भांडी धुण्याचे यंत्र यांपैकी करारात लिहिलेली वस्तू वापरून झिजली आणि बंद पडली, तर कंपनी आपला कारागीर पाठवते आणि वस्तू दुरुस्त करायची की बदलून द्यायची हे बहुधा कंपनीच ठरवते. कारागीर आला की प्रत्येक भेटीचे ठरावीक शुल्क द्यावे लागते, प्रत्येक वस्तूसाठी खर्चाची कमाल मर्यादा असते, आणि करारापूर्वीपासून असलेला बिघाड किंवा देखभालीअभावी झालेला बिघाड सहसा वगळलेला असतो. बँक विम्यासाठी अडून बसते, कारण घर जळाले तर तिचे तारण जाते. वॉरंटीसाठी ती आग्रह धरत नाही.

समजा, तळघरातील पाणी तापवण्याची टाकी जुनी होऊन एका रात्री फुटली आणि खालची लाकडी जमीन भिजून गेली. जमिनीचे नुकसान विम्यातून, ग्राहकाने सोसायचा ठरलेला प्रारंभीचा वाटा वजा करून, मिळू शकते. परंतु टाकी वयोमानाने गेली असल्यामुळे तिची किंमत विमा देत नाही, तो भाग वॉरंटीचा असतो. आणि तीच टाकी सहा महिने थेंब थेंब गळत राहिली, जमीन हळूहळू कुजली आणि कोणी लक्ष दिले नाही, तर जमिनीसाठीही विमा कंपनी बहुधा नकार देते.

३० वर्षांच्या घरात वॉरंटी घ्यावी का, हे त्या यंत्रांच्या वयावर अवलंबून आहे. खरेदीपूर्वी घराची तपासणी होते, तिचा अहवाल मुलीने नीट वाचावा. भट्टी आणि टाकी गेल्या दोन-चार वर्षांत बदललेली असतील, तर वॉरंटीचे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ती जुनी असतील, तर घर विकणाऱ्यानेच पहिल्या वर्षाची वॉरंटी द्यावी असे सुचवून पाहावे. तेथे तशी पद्धत आहे. घर नवे असते तर गोष्ट वेगळी होती, कारण न्यू जर्सीच्या १९७७ च्या कायद्यानुसार नव्या घराच्या बिल्डरला कारागिरीसाठी १ वर्ष, नळ आणि विजेसारख्या यंत्रणांसाठी २ वर्षे आणि मोठ्या संरचनात्मक दोषांसाठी १० वर्षे हमी द्यावी लागते.

एक गोष्ट मात्र मुलीला आवर्जून कळवा. अमेरिकेतील घराच्या सर्वसाधारण विम्यात पूर आणि भूकंप यांचा समावेश नसतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयडा’ चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने न्यू जर्सीतील असंख्य तळघरे भरली. पुरासाठी तेथे सरकारी राष्ट्रीय पूर विमा योजना आहे, तिची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. मात्र घरकर्जाच्या व्यवहारासोबतच घेतली तर ही प्रतीक्षा लागत नाही. म्हणजे आत्ताची वेळ योग्य आहे.

आपल्याकडे सबंध घराची अशी वॉरंटी रुळलेली नाही. तिची कामे वेगवेगळ्या कागदांत विखुरलेली असतात. लिफ्ट आणि पंप यांचे वार्षिक देखभाल करार, फ्रिज आणि एसीची वाढीव वॉरंटी, वॉटरप्रूफिंग करणाऱ्याने लेटरहेडवर दिलेली हमी आणि नव्या घरासाठी बिल्डरची कायदेशीर जबाबदारी असे ते कागद आहेत. शेवटच्या कागदाविषयी बालेवाडीच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्यावर तळमजल्यावर राहतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर आमच्या घरात कमरेएवढे पाणी आले. फ्रिज, दिवाण, कपाटे आणि वर्षाचे धान्य गेले, दारातली स्कूटरही बुडाली. सोसायटीने इमारतीचा विमा उतरवलेला असल्यामुळे आम्ही वेगळा घेतला नव्हता, पण त्यातून आम्हाला काही मिळाले नाही. आता वेगळा विमा घ्यायचा तर रक्कम कशी ठरवायची?
(एक वाचिका, सिंहगड रस्ता)

उत्तर : आपले नुकसान वाचून फार वाईट वाटले. त्याहून वाईट याचे वाटते की, ज्या समजुतीमुळे आपण विमा घेतला नाही ती पुण्यातील हजारो सदनिकाधारकांची समजूत आहे. सोसायटी विमा उतरवते तो इमारतीचा, म्हणजे भिंती, स्लॅब, जिने, टाक्या आणि सामायिक यंत्रणा यांचा. आपल्या घरातील कपाट आणि फ्रिज सोसायटीच्या मालकीचे नाहीत, त्यामुळे तिच्या पॉलिसीत ते येत नाहीत. कमिटीकडे पॉलिसीची प्रत मागणे हा सभासदाचा हक्क आहे. तो बजावा आणि तिच्यात रक्कम किती वर्षांपूर्वीच्या बांधकाम दराने लिहिली आहे, पूर आणि भूकंप दोन्ही आहेत की केवळ आग आहे, हे पाहा.

आपल्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी योग्य आहे. विमा नियामकाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून ती प्रमाणित स्वरूपात मिळते, त्यामुळे कंपनी बदलली तरी तिची मूळ कलमे बदलत नाहीत. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबणे, भूस्खलन, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणे किंवा ओसंडणे या घटना तिच्यात आहेत. कोथरूडच्या पत्रातील मुलीला पुरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागेल. आपल्याकडे पूर याच पॉलिसीत आहे. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्राबाहेर येऊन घरात शिरले तर तोही पूरच.

पूर फक्त नदीकाठी येतो, असेही मानू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर मुठेकाठचे पुणे बुडाले हे आपण ऐकत आलो. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने ज्यांची घरे धुवून नेली, त्यांच्यापैकी अनेकांना आपण पुराच्या वाटेत राहतो याची कल्पनाही नव्हती.

आता रकमेविषयी. येथे सर्वांत मोठी चूक होते, ती म्हणजे सदनिकेचा बाजारभाव डोळ्यांसमोर ठेवणे. आपण सदनिकेला ९० लाख रुपये मोजले असतील तर त्यात जमिनीचा आणि जागेच्या मोक्याचा मोठा भाग आहे, आणि पुराने जमीन वाहून जात नाही. विमा घ्यायचा तो पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा. कार्पेट क्षेत्राला, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेला, आजच्या बांधकाम दराने गुणले की ती रक्कम येते. ८०० चौरस फूट आणि उदाहरणादाखल चौरस फुटाला २,५०० रुपये धरले, तर २० लाख रुपये होतात. इमारत आणि वस्तू असा एकत्र विमा घेतला, तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के इतके संरक्षण घरातील सामान्य वस्तूंना, यादी न देता, कमाल १० लाख रुपयांपर्यंत मिळते; वरील उदाहरणात ते ४ लाख होईल. त्याहून अधिक हवे असेल तर वस्तूंचा तपशील द्यावा लागतो. सोसायटीची इमारत-पॉलिसी पुरेशी आहे असे आढळले, तर केवळ वस्तूंचा विमाही घेता येतो. भाडेकरूंनाही तो घेता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

पूर्वीच्या आगीच्या पॉलिसींत एक जाचक अट असे. घराची खरी किंमत २० लाख असताना विमा १० लाखांचा घेतला, तर २ लाखांच्या नुकसानीचेही निम्मेच पैसे मिळत. भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कपात काढून टाकली आहे. घर राहण्यायोग्य नसेल तेवढ्या काळासाठी दुसरीकडच्या भाड्याचीही तिच्यात तरतूद आहे.

दागिन्यांसाठी वेगळा ऐच्छिक भाग घ्यावा लागतो आणि रोख रक्कम मिळत नाही. नुसत्या घरफोडीचा समावेशही या पॉलिसीत नाही. आग किंवा पूर अशा घटनेमुळे घर उघडे पडले आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती चोरी येते. एरवी घरफोडीचा विमा जोडून घ्यावा लागतो. स्कूटरचे नुकसान तिच्या स्वतःच्या सर्वसमावेशक वाहन विम्यातून मागावे लागते, आणि केवळ त्रयस्थ पक्षाचा सक्तीचा विमा असेल तर काही मिळत नाही.

पुन्हा तशी वेळ येऊ नये, पण आलीच तर पाणी ओसरताच फोटो आणि व्हिडिओ काढा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा तज्ज्ञ, पाहून जाईपर्यंत भिजलेल्या वस्तू फेकू नका. चिखलाने घर सडत असताना हे सांगणे निष्ठुर वाटते याची मला जाणीव आहे. निदान प्रत्येक वस्तूचा आणि तिच्या मॉडेल क्रमांकाचा फोटो घेतल्याशिवाय ती बाहेर काढू नका, आणि महसूल खात्याच्या पंचनाम्याची प्रत जपून ठेवा.

प्रश्न : ऑक्टोबर २०२२ मध्ये बालेवाडी येथे नव्या सदनिकेचा ताबा घेतला. दर पावसाळ्यात बेडरूमच्या बाहेरील भिंतीला ओल येते आणि रंगाचे पोपडे सुटतात. बिल्डरचे कार्यालय म्हणते की एक वर्षाची गॅरंटी संपली, आता घराच्या विम्यातून घ्या. विमा मिळेल का?
(एक वाचक, बालेवाडी)

उत्तर : विमा मिळणार नाही, आणि बिल्डरचे म्हणणेही चुकीचे आहे. दर पावसाळ्यात तीच भिंत ओली होते याचा अर्थ एखादी अचानक घटना घडलेली नाही; प्लास्टर, खिडकीचा सांधा किंवा बाहेरील वॉटरप्रूफिंग मुळातच सदोष आहे. सदोष कारागिरी आणि हळूहळू होणारी झीज विमा भरून देत नाही.

मात्र याच दोषासाठी रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या कलम १४ मधील उपकलम ३ आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील दोष किंवा कारागिरी, दर्जा आणि सेवा यांतील अन्य कोणताही दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो ३० दिवसांत कोणतेही शुल्क न घेता दूर केला पाहिजे; न केल्यास ग्राहक भरपाईस पात्र ठरतो. एक वर्षाची गॅरंटी असे ब्रोशरवर छापल्याने ही पाच वर्षे कमी होत नाहीत. आपल्या बाबतीत ती ऑक्टोबर २०२७ मध्ये पूर्ण होतात. या मुदतीत दोष निदर्शनास आणलेला असला पाहिजे, आणि तो आणल्याचा पुरावा आपल्याजवळ असला पाहिजे. साइटवरील माणसाला तोंडी सांगितले, व्हॉट्सअॅपवर अंगठ्याचे चिन्ह आले, एवढ्यावर विसंबू नका. ताब्याची तारीख, दोषाचे वर्णन, तारखेसह फोटो आणि कलमाचा उल्लेख असलेले पत्र ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. शक्य असल्यास स्थापत्य अभियंत्याचा छोटा अहवाल जोडा. बाहेरील भिंत सामायिक असल्यामुळे इतर सदनिकांतही ओल असणार. सोसायटीने एकत्रित पत्र दिले तर त्याला अधिक वजन येते. ३० दिवसांत काम झाले नाही, तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. अनेक करारनाम्यांत अशी अट असते की ग्राहकाने बिल्डरच्या संमतीशिवाय बाथरूम किंवा स्वयंपाकघरातील पाइप आणि फिटिंग बदलले, टाइल्स फोडल्या आणि त्यामुळे गळती झाली, तर दोषाची जबाबदारी संपते. आपण इंटिरिअरचे काम करवून घेतले असल्यास त्या भिंतीशी त्याचा संबंध नाही, हे पत्रातच स्पष्ट करा.

प्रश्न : कर्वेनगरमधील आमची इमारत १९९४ ची आहे. वरच्या सदनिकेच्या बाथरूममधून आमच्या छतातून पाणी ठिबकते. वरचे शेजारी म्हणतात सोसायटीला सांगा, कमिटी म्हणते आपसांत मिटवा. विमा उपयोगी पडेल का?
(एक ज्येष्ठ नागरिक, कर्वेनगर)

उत्तर : काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरात हेच घडले होते आणि मी विम्याचा दावाही केला होता. सर्व्हेअरने स्लॅबवरचे पांढरे क्षार आणि गंजलेली सळई दाखवून सांगितले की हे पाणी वर्षभर झिरपते आहे, आणि दावा नामंजूर झाला. त्या वेळी राग आला. पुढे पॉलिसी वाचल्यावर त्याचे म्हणणे बरोबर होते हे कळले. वरचा पाइप एका दुपारी फुटून आपले छत आणि सामान भिजले असते, तर आपल्या स्वतःच्या पॉलिसीतून ते मिळाले असते.

म्हणून आधी उगम शोधा. वरच्यांनी बाथरूमचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवला आणि ठिबकणे थांबले, तर भिंतीतील कन्सील्ड पाइप संशयास्पद आहे. पाणी सुरू असूनही केवळ आंघोळीनंतरच ठिबकत असेल, तर जमिनीचे वॉटरप्रूफिंग किंवा नहाणीचा ट्रॅप (जमिनीतील सांडपाण्याच्या जाळीखालचा भाग) गेला आहे. ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतले की उलगडा होतो. फक्त पावसात ठिबकत असेल, तर बाहेरील भिंत किंवा डक्टमधील पाइप पाहावा. महाराष्ट्रातील सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची, तसेच सामायिक बाहेरील पाइप आणि ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, आणि सदनिकेतील न्हाणीघर, संडास, सिंक यांमुळे होणारी गळती संबंधित सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. उगम ठरला की कमिटीला ‘आपसांत मिटवा’ असे म्हणून थांबता येणार नाही. तिने वरच्या सभासदाला लेखी कळवले पाहिजे. आपले वय पाहता ही धावपळ आपण एकट्याने करू नये, कमिटीतील एखाद्या सभासदाच्या उपस्थितीत प्लंबरकडून तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : गृहकर्ज घेताना बँकेने विम्याचा हप्ता कर्जातच मिळवला होता. गेल्या महिन्यात फ्रिजमध्ये शॉर्टसर्किट होऊन स्वयंपाकघराचे फर्निचर जळाले. त्या पॉलिसीवर दावा केला, तर ‘ही घटना पॉलिसीत नाही’ असे एका ओळीचे पत्र आले. आता काय करावे?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : प्रथम पॉलिसीच्या पहिल्या पानावर विमा कशाचा आहे ते पाहा. कर्जासोबत दिली जाणारी पॉलिसी पुष्कळदा कर्जदाराच्या जीवनाची असते. कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज फिटावे, हा तिचा हेतू असतो. भिंती आणि सामान यांचा तिच्याशी संबंध नसतो, आणि आपली पॉलिसी तशी असेल तर कंपनीचा नकार योग्य आहे.

ती घराचीच पॉलिसी असेल, तर पुढचे दोन मुद्दे पाहावे लागतील. विमा केवळ इमारतीचा होता की वस्तूंचाही, हा पहिला. दुसरा असा की, शॉर्टसर्किटने बिघडलेले यंत्र म्हणजे आपला फ्रिज वगळला जाऊ शकतो, परंतु तेथून पसरलेल्या आगीने जळालेले ओटे, कपाटे आणि रंगकाम यांना हा अपवाद लागू होत नाही. कंपनीने फ्रिजचे कारण पुढे करून सबंध दावा नाकारला असेल, तर तो नकार टिकणारा नाही.

नकार कोणत्या कलमाखाली दिला ते लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाचे कार्यालय पुण्यातच आहे, त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे ऐकल्या जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जळालेल्या फर्निचरचे फोटो, अग्निशमन दलाला बोलावले असल्यास त्यांचा अहवाल, आणि नव्या कामाचे अंदाजपत्रक एवढे कागद आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा.